वाशिम जिल्ह्यातील मालमत्ता कर आकारणी व मूल्यनिर्धारण

वाशिम जिल्ह्यातील नगरपरिषदा, नगरपंचायती व ग्रामपंचायती आपल्या हद्दीतील घरे, दुकाने, गोदामे आणि मोकळ्या जागा यांवर दरवर्षी जो कर बसवतात, त्यास मालमत्ता कर किंवा बोलीभाषेत घरपट्टी अथवा घरटॅक्स म्हणतात. हा कर ठरवण्यासाठी मालमत्तेची मोजणी करणे, तिचे मूल्य काढणे, त्यावर हरकती ऐकणे आणि अंतिम यादी तयार करणे या सर्व कामांचा समावेश 'आकारणी' या संज्ञेत होतो. पूर्वी हे काम मोजपट्टी, नोंदवही आणि कर्मचाऱ्याचा अंदाज यांवर चालत असे. अलीकडे त्यात ड्रोन, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस) आणि संगणकीय गणन यांची भर पडली आहे. या साधनांनी मोजणी सुधारली. मूल्य ठरवण्याचा प्रश्न मात्र आजही कायद्याचा व माणसाच्या निर्णयाचाच राहिला आहे.

जिल्हा व त्यातील स्थानिक संस्था

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकच शहरी भागात राहत होते. वाशिम, कारंजा, रिसोड व मंगरुळपीर येथे नगरपरिषदा, तर मालेगाव व मानोरा येथे नगरपंचायती आहेत. उर्वरित सर्व जिल्हा ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत येतो. म्हणजेच जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांचा घरटॅक्सशी संबंध ग्रामपंचायतीमार्फत येतो. वर्तमानपत्री चर्चा शहरांच्या करवाढीची होते, परंतु खेड्यातील आकारणीचे नियम अगदी वेगळे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

२०१८ साली नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशिमचाही समावेश झाला. अशा जिल्ह्यातील लहान नगरपरिषदांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असते आणि त्यांचा बराचसा भार शासकीय अनुदानावर असतो. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली. त्यानंतर त्यांच्या हाती उरलेले उत्पन्नाचे सर्वांत भरवशाचे स्वतःचे साधन म्हणजे मालमत्ता कर होय. नळाचे पाणी, पथदिवे, नाल्यांची सफाई या सेवांचा दर्जा शेवटी या वसुलीवर येऊन ठेपतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५३ च्या तहानंतर निजामाकडील वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. मुंबई इलाख्यात रूढ झालेली शेतमोजणी व जमाबंदीची पद्धत पुढे वऱ्हाडातही लागू झाली. तेहतीस फुटी साखळीने शेताची मोजणी, मातीचा पोत पाहून आणेवारीने प्रतवारी आणि त्यावरून सारा असा तिचा क्रम होता. त्या काळी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागले गेले.

या मोजणीत एक मोठी जागा मोकळी राहिली, ती गावठाणाची. सरकारला सारा शेतातून मिळत असल्याने शेताचा बांध न बांध मोजला गेला. लोक जिथे राहत ती वस्ती मात्र नकाशावर एका बंद आकृतीत दाखवून सोडून देण्यात आली. आतल्या घरांच्या हद्दी गावाच्या आठवणीवर चालत राहिल्या. शहरे आणि काही मोठी गावे यांचे नगर भूमापन पुढे झाले, पण हजारो लहान गावठाणे तशीच राहिली. दीडशे वर्षांनंतर ड्रोन उडवण्याची वेळ आली, तिचे मूळ या सुटलेल्या जागेत आहे.

शहरी भागात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा नगरपालिका कायदा होता. त्याची जागा पुढे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याने घेतली. वऱ्हाडातील शहरांत 'नझूल' म्हणून ओळखली जाणारी शासकीय जमीन मोठ्या प्रमाणात आहे आणि ती भाडेपट्ट्याने दिलेली असते. तेथे जमीन शासनाची, इमारत पट्टेदाराची आणि कर नगरपरिषदेचा असा तिहेरी संबंध निर्माण होतो.

कायद्याचा आधार

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही. जमिनी व इमारती यांवरील कर हा राज्य सूचीतील ४९ व्या नोंदीचा विषय आहे. १९९२ मध्ये संमत झालेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती व नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले आणि राज्य विधानमंडळ त्यांना कर बसवण्याचा अधिकार देऊ शकेल, अशी तरतूद केली. वाशिम जिल्ह्यात शहरांसाठी १९६५ चा वर उल्लेखिलेला अधिनियम लागू आहे. खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम (१९५८) व त्याखालील १९६० चे कर व फी नियम लागू आहेत.

शहरातील आकारणी

नगरपरिषदेचा कर 'करयोग्य मूल्या'वर बसतो. एखादी मालमत्ता भाड्याने दिली असता वर्षाकाठी वाजवीपणे किती भाडे मिळेल, हे आधी ठरवले जाते. त्यातून दुरुस्ती व इतर खर्चापोटी दहा टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले असो वा नसो, हिशेब असाच होतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्यास 'भाडे' हा शब्द पाहून आश्चर्य वाटते, त्याचे कारण हेच.

मूल्य ठरवण्याचे काम नगरपरिषद एकटी करत नाही. नगररचना व मूल्यनिर्धारण विभागातील अधिकाऱ्याची 'प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी' म्हणून नेमणूक होते. या विभागाची परंपरा १९१४ पासूनची आहे. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात आर.सी.सी., लोडबेअरिंग, टिनपत्रे, कवेलू, माती अशा बांधकामप्रकारांनुसार आणि निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा वापरानुसार चौरस मीटरमागे भाडेदर ठरवले जातात. साधारणतः दर चार वर्षांनी नवी यादी तयार होते. हिला व्यवहारात चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात.

मागणीच्या बिलावर मालमत्ता करासोबत इतरही रकमा असतात. शिक्षण उपकर, बिगर निवासी मालमत्तांवरील रोजगार हमी उपकर, वृक्ष कर, अग्निशमन कर, घनकचरा शुल्क अशा ओळींची बेरीज खाली एकत्र येते. त्यांपैकी शिक्षण व रोजगार हमी उपकर नगरपरिषद केवळ वसूल करून शासनाकडे भरते. करवाढीचा राग नगरपरिषदेवर निघतो, तेव्हा हा भेद सहसा कोणी पाहत नाही.

भाडेमूल्याची पद्धत जुनी आहे आणि तिचे दोषही जुनेच आहेत. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात असा निर्णय दिला की, भाडेनियंत्रण कायदा लागू असेल तेथे वार्षिक मूल्य प्रमाणित भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. परिणामी देशभर जुन्या इमारतींचे करमूल्य गोठले आणि नव्या इमारतींवर भार वाढला. त्यातून वाट काढण्यासाठी पाटण्याने १९९३ मध्ये, अहमदाबादने २००१ मध्ये आणि दिल्लीने २००४ मध्ये क्षेत्रफळावर आधारित पद्धती स्वीकारल्या. मुंबई महानगरपालिका २०१० पासून भांडवली मूल्याकडे वळली. तेथील नियमांपैकी काही नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जागेवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, याचा विचार आजच्या करात करता येणार नाही, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली, त्या बातमीमुळे राज्यभर गैरसमज पसरला. ती सवलत वाशिमला लागू नाही.

मोजणीचे नवे तंत्र

शहरी मालमत्तांच्या सर्वेक्षणात आधी उपग्रह किंवा ड्रोनच्या छायाचित्रांवरून शहराचा आधारनकाशा तयार होतो. त्यावरील प्रत्येक छताला संगणकात एक बंद आकृती व एक क्रमांक दिला जातो. मग सर्वेक्षक भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप घेऊन घरोघरी जातात, दर्शनी भागाचे छायाचित्र घेतात, मजले, वापर, भोगवटादार यांची नोंद करतात आणि आतील मापे टिपतात. ही माहिती जुन्या कर नोंदवहीशी ताडून पाहिली जाते. नोंदवहीत नसलेल्या मालमत्ता, वाढवलेले मजले, घराच्या पुढील खोलीत थाटलेले दुकान हे सारे या ताळ्यात उघडे पडते. प्रामाणिकपणे नोंद केलेल्या करदात्यावरचा भार त्यामुळे हलका होऊ शकतो, हा या तंत्राचा खरा लाभ आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे आणि वसुलीत राज्याच्या उत्पन्नवाढीशी सुसंगत सुधारणा दाखवणे, अशा अटी घातल्या. त्यामुळे नवी सर्वेक्षणे करण्याचा आग्रह वाढला.

परंतु आकाशातून जे दिसते ते छत असते, घर नव्हे. समजा, एखाद्या घराची बाहेरील मापे ८ मीटर व ६ मीटर आहेत. त्याचे क्षेत्र ४८ चौरस मीटर झाले. टिनाचे छप्पर पावसासाठी चारही बाजूंनी अर्धा मीटर पुढे काढलेले असेल, तर छायाचित्रात ते ९ गुणिले ७ म्हणजे ६३ चौरस मीटर दिसते. दर महिन्याला चौरस मीटरमागे १५ रुपये भाडेदर व वीस टक्के कर असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर ४८ चौरस मीटरवर वार्षिक भाडे ८,६४० रुपये, करयोग्य मूल्य ७,७७६ रुपये व कर सुमारे १,५५५ रुपये येतो. ६३ चौरस मीटर धरल्यास तोच कर सुमारे २,०४१ रुपये होतो. वर्षाला ४८६ रुपयांचा हा फरक चार वर्षांच्या यादीत १,९४४ रुपयांवर जातो. एवढी रक्कम केवळ पाखीमुळे वाढते, आणि प्रत्यक्ष भेटीत आतील माप घेतले नाही तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

कारंजा शहरात दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरुळ वेस व पोहा वेस या जुन्या वेशींच्या आत दाट वस्ती आहे. अशा जुन्या वस्त्यांत दोन घरांची भिंत एकच असते आणि एका वाड्यात वाटणी होऊन तीन-चार कुटुंबे नांदत असतात. वरून पाहणाऱ्यास एकच सलग छत दिसते. कोणती खोली कोणाच्या वाट्याची, हे चौकशीतूनच कळते. अंगणातल्या निंबाखाली झाकलेला गोठा, रिकामे पडलेले घर आणि सोयाबीन साठवण्यासाठी केवळ हंगामात वापरली जाणारी खोली यांचा भेदही छायाचित्रात दिसत नाही. सर्वेक्षण कंत्राटाने दिलेले असते आणि मोबदला मालमत्तांच्या संख्येवर ठरतो, तेव्हा चौकशीला कितपत वेळ मिळत असेल, याची कल्पना करता येते.

खेड्यातील आकारणी

ग्रामपंचायतींचा कर काही काळ क्षेत्रफळावर आधारित होता. न्यायालयीन आक्षेपानंतर शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलून भांडवली मूल्याची पद्धत आणली. तिचे सूत्र असे: जमिनीचे क्षेत्र गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, अधिक बांधकामाचे क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर गुणिले वयोमानानुसार घसारा दर, या बेरजेस वापराच्या भारांकाने गुणावे. येणारे भांडवली मूल्य हजारांत मांडून त्यावर ग्रामपंचायतीने नियमांतील मर्यादेत ठरवलेला दर लावला जातो. हा दर हजार रुपयांमागे पैशांत सांगितला जातो.

उदाहरणार्थ, ८० चौरस मीटर जागेचा दर ३०० रुपये, ५० चौरस मीटर बांधकामाचा दर १०,००० रुपये व घसारा ०.८० धरला, तर जमिनीचे २४,००० आणि बांधकामाचे ४,००,००० मिळून मूल्य ४,२४,००० रुपये होते. हजारी १०० पैसे दराने निवासी घराचा कर ४२४ रुपये येईल. त्याच जागेत दुकान असून भारांक १.२५ धरला, तर तो ५३० रुपये होईल. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक बदलतात. खेड्यात मूल्याचा मोठा हिस्सा जमिनीपेक्षा बांधकामातून येतो, हे मात्र त्यावरून ध्यानात यावे. धाब्याचे घर पाडून स्लॅबचे बांधले की कर का वाढतो, याचे उत्तरही या सूत्रात आहे.

या आकारणीची नोंद ग्रामपंचायतीच्या 'नमुना ८' मध्ये, मागणीची 'नमुना ९' मध्ये होते आणि पावती 'नमुना १०' ची मिळते. महसूल विभागाचा '८-अ' हा शेतजमिनीचा खातेउतारा यापासून पूर्णतः वेगळा आहे. दोहोंतील 'आठ' मुळे विद्यार्थी व अर्जदार वारंवार चुकीचा कागद घेऊन कार्यालयात येतात.

वार्षिक मूल्यदर तक्ता

वर आलेला जमिनीचा दर नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक (पुणे) यांच्याकडून प्रसिद्ध होणाऱ्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून घेतला जातो. लोक त्याला रेडीरेकनर म्हणतात. त्याचा मूळ हेतू खरेदीखतावरील मुद्रांक शुल्क ठरवणे हा आहे. २०१६ पासून नवे दर १ एप्रिलपासून लागू करण्याची प्रथा आहे.

हा तक्ता दुधारी आहे. समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. अशा प्रकल्पासाठी जमीन देताना मोबदल्याच्या हिशेबात शासकीय दर विचारात येतात आणि साहजिकच शेतकऱ्यास ते चढे हवे असतात. तोच दर घरटॅक्सच्या सूत्रात आला की तो उतरता असावा असे वाटते. शासनाची इच्छा दोन्ही वेळी नेमकी उलटी असते. तक्ता कोणत्याही एका बाजूचा नसावा, ही अपेक्षा रास्त असली, तरी ज्या गावात वर्षाकाठी मोजकेच व्यवहार नोंदले जातात, तेथे बाजारभाव म्हणून कोणता आकडा घ्यावा, हा प्रश्न कोणत्याही संगणकास सहज सुटणारा नाही. मोठ्या शहरांत हजारो व्यवहारांवरून सांख्यिकी प्रतिमाने बांधता येतात. पाश्चात्त्य देशांत अशी सामूहिक मूल्यनिर्धारणाची पद्धत रुळलेली आहे. तुरळक व्यवहारांच्या प्रदेशात तिचा पाया कच्चा राहतो.

गावठाण भूमापन व स्वामित्व योजना

महाराष्ट्रात गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. भूमी अभिलेख विभाग, ग्रामविकास विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांच्या सहकार्यातून ही योजना आकारास आली. केंद्र शासनाची 'स्वामित्व' योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. ड्रोन येण्याच्या आधी गावात दवंडी किंवा सूचना दिली जाते आणि प्रत्येकाने आपापल्या जागेची हद्द चुन्याने आखून ठेवायची असते. ड्रोनच्या छायाचित्रांना भूस्थित स्थाननिश्चिती केंद्रांच्या जाळ्याची जोड मिळाल्याने काही सेंटिमीटरच्या अचूकतेचा नकाशा तयार होतो. त्यानंतर चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात आणि मिळकत पत्रिका व सनद दिली जाते.

येथे एक भेद काटेकोरपणे लक्षात ठेवावा लागतो. मिळकत पत्रिका हा भूमी अभिलेख विभागाचा अधिकार अभिलेख आहे. नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा करविषयक अभिलेख आहे. करनोंदीत नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. कर हा मालकाकडून किंवा भोगवटादाराकडून वसूल करता येतो, म्हणून नोंदवहीत दोन्ही रकाने असतात. घरटॅक्सची पावती हाच मालकीचा पुरावा मानून केलेले व्यवहार पुढे दिवाणी न्यायालयात अडतात. विशेषतः वडिलांच्या पश्चात एकाच भावाचे नाव लागलेले असते, तेथे बहिणींचा व इतर भावांचा हक्क त्या नोंदीने संपत नाही.

हरकती, अपील व वसुली

नगरपरिषदेची प्रारूप यादी तयार झाली की जाहीर सूचना निघते आणि ज्यांचा कर नव्याने बसला किंवा वाढला त्यांना स्वतंत्र नोटीस दिली जाते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. त्यावर सुनावणी होऊन यादी अधिप्रमाणित होते. त्यापुढील दाद कायद्याने नेमलेल्या मालमत्ता कर अपील समितीकडे मागता येते. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते.

हरकत घेताना 'कर फार वाढला' असे म्हणून भागत नाही. क्षेत्र चुकले, बांधकामाचा प्रकार चुकला, वर्ष चुकले, वापर चुकला की विभाग चुकला, हे नेमके सांगावे लागते. त्यासाठी आकारणीपत्रकाची प्रत मागून त्यातील लांबी-रुंदी स्वतः पडताळणे आवश्यक असते. छपराच्या पाखीचा दोष याच टप्प्यावर दुरुस्त होऊ शकतो. एकदा यादी अंतिम झाली की तो पुढील फेरआकारणीपर्यंत बिलात कायम राहण्याचा संभव असतो. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना शासनाच्या योजनेखाली एका निवासी मालमत्तेवर करसवलत आहे. तीही अर्ज केल्याशिवाय आपोआप मिळत नाही.

नगरपरिषदेत थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. वर्षाला हे प्रमाण चोवीस टक्क्यांवर जाते. जुनी थकबाकी असलेल्या अनेक मालमत्तांत शास्ती मूळ कराच्या बरोबरीस येते, मग करदाता दोन्ही भरण्याचे टाळतो आणि शास्तीमाफीच्या घोषणेची वाट पाहत बसतो. मार्चमध्ये वसुली पथके, जप्तीच्या नोटिसा व नळजोडणी तोडण्याच्या सूचना निघतात. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणे म्हणूनही ही थकबाकी ठेवली जाते. ग्रामपंचायतींत वसुलीस आणखी एक निमित्त असते: कराची मागणी झाल्यापासून ठराविक मुदतीत ती न भरणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. निवडणुका जाहीर झाल्या की वर्षानुवर्षे रखडलेली बाकी काही घरांतून एका दिवसात जमा होते, ती या तरतुदीमुळे.

कर भरण्यासाठी आता संकेतस्थळे, क्यूआर कोड आणि ग्रामपंचायतींसाठी 'महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट' हे अ‍ॅप उपलब्ध आहे. भरणा केल्यावर मालमत्ता क्रमांक, आर्थिक वर्ष व थकबाकीचा रकाना तपासून पावती जपून ठेवणे इष्ट असते. जुन्या नोंदवहीतून संगणकात माहिती चढवताना भरलेली बाकी पुन्हा दिसू लागल्यास, हातची पावती हाच करदात्याचा पुरावा ठरतो.